टीप पक्की, तर वस्तू पक्की
नांदेड-लातूर भागातील घरगुती शिवणकाम आणि त्याची मूलतंत्रे

मराठवाड्यातील घरांना सुई-दोरा कधीच परका नव्हता. लुगडे मध्यभागी विरले, की तेवढा भाग कापून काढून उरलेले दोन तुकडे जोडावयाचे, म्हणजेच त्याला दंड घालावयाचा. तेच लुगडे आणखी जीर्ण झाले, की त्याची गोधडी किंवा वाकळ शिवावयाची. आणि उरलेल्या मऊ कापडातून तान्ह्या बाळासाठी झबले, कुंची व दुपटे करावयाचे, ही येथील जुनी रीत होय. कापडाचा एकही तुकडा वाया न घालविणारे हे कौशल्य मोठे असूनही त्याची गणना घरकामातच होत आली. या कौशल्यातून गावातील स्त्रियांना उत्पन्न मिळू शकते. मात्र, घरात चालून जाणारा टाका आणि बाजारात टिकणारा टाका यांत अंतर असते. ते भरून काढण्यासाठी मोठ्या भांडवलापेक्षा अचूक माप आणि पक्की शिवण यांची गरज अधिक आहे.

राष्ट्रध्वजाचा आदर्श

माप आणि शिवण यांचे महत्त्व समजून घेण्यासाठी या दोन जिल्ह्यांना दूर जावे लागत नाही. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या नांदेड येथील केंद्रात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात आणि ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणले जाते. ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असते. त्याचे ९ प्रमाणित आकार ठरलेले असून सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, तर सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर असतो. केशरी, पांढरा आणि हिरवा हे तिन्ही पट्टे समान रुंदीचे असावे लागतात. कापताना एका पट्ट्यात थोडा फरक पडला, तरी शिवणीनंतर तो लपत नाही आणि २४ आऱ्यांचे अशोकचक्र मध्यावरून सरकलेले दिसते. उंच स्तंभावरचा ध्वज अखंड वाऱ्याला तोंड देत असतो. कडेची शिवण सैल असेल, तर कापड शाबूत असतानाच ध्वज कडेने उसवू लागतो. पिशवी असो की उशीचा अभ्रा, प्रत्येक शिवलेल्या वस्तूस हाच नियम लागू पडतो. वस्तू बहुधा शिवणीत उसवते; कापड नंतर फाटते.

कापण्यापूर्वीची तयारी

नवे सुती कापड किंवा खादी प्रथम रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. सुती कापड धुतल्यावर आटते. न भिजविता शिवलेली वस्तू पहिल्याच धुण्यात आखूड व वाकडी होते. त्यानंतर कापडाचा उभा धागा ओळखावा. तो काठाला समांतर असतो व ताणल्यास फारसा ताणला जात नाही. वजन पेलणारी बाजू उभ्या धाग्यात घ्यावी. तिरपे कापलेले कापड ताणले जाते. म्हणून गोल कडेला लावावयाच्या पट्टीसाठी ते सोयीचे, परंतु पिशवीच्या अंगासाठी अयोग्य ठरते.

घरगुती कामास चार टाके पुरेसे आहेत. धावदोरा हा सर्वांत सोपा टाका. तो कापडाचे पदर एकत्र धरण्यासाठी व कच्च्या शिवणीसाठी वापरावा. हातटीप घालताना सुई प्रत्येक वेळी थोडी मागे येऊन पुढे जाते, त्यामुळे शिवण मजबूत होते. तुरपाईने दुमडलेली कड बसवितात आणि काजटाक्याने कापलेली कड व बटणाचे काज सुरक्षित राहते. यंत्रावर मध्यम जाडीच्या सुती कापडासाठी एका सेंटीमीटरमध्ये ४ ते ५ टाके ठेवावेत. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांचा ताण सारखा हवा. शिवणीच्या एका बाजूला दोऱ्याचे वेटोळे दिसू लागले, तर ताण बिघडला आहे असे समजावे. शिवणीच्या आरंभी व शेवटी चार-पाच टाके मागे-पुढे घालून दोरा पक्का करावा.

बाजाराची पिशवी

शिकण्यास सोपी आणि मागणी असलेली वस्तू म्हणजे कापडी पिशवी. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना मनाई आहे. आठवडी बाजारात ही बंदी पाळली जावयाची, तर टिकाऊ कापडी पिशवी हाताशी असावयास हवी.

९० सेंटीमीटर पन्ह्याच्या १ मीटर कापडात दोन पिशव्या होतात. प्रत्येक पिशवीसाठी ३९ सेंटीमीटर रुंद व ८४ सेंटीमीटर लांब तुकडा उभ्या धाग्यात कापावा. प्रत्येक पिशवीच्या दोन बंदांसाठी ५० × ८ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या उरलेल्या कापडातून निघतात. बंद चौपदरी होत असल्याने त्यांतील काही आडव्या धाग्यात आले तरी चालतात. मुख्य तुकड्याची दोन्ही आखूड टोके प्रथम १ व नंतर ३ सेंटीमीटर दुमडून टीप मारावी. बंदाची पट्टी चार पदरी दुमडून दोन्ही कडांनी शिवावी. बंदाचे टोक दुमडीवर ३ सेंटीमीटर बसवून तेथे चौकोनी टीप व तिच्या आत फुलीची टीप द्यावी. पिशवीतील सारा भार याच जागी येतो.

यानंतर कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून तुकडा मध्यावर दुमडावा. दोन्ही बाजूंनी कडेपासून अर्धा सेंटीमीटरवर टीप मारून लोंबते धागे कापावेत, पिशवी उलटावी आणि कडेपासून १ सेंटीमीटरवर दुसरी टीप मारावी. कापडाची कच्ची कड या दोन टिपांमध्ये बंद होते व सुटे धागे निघत नाहीत. पिशवी सुलट केल्यावर ती सुमारे ३६ सेंटीमीटर रुंद व ३८ सेंटीमीटर खोल भरते. तळाशी शिवण नसल्याने तेथे उसवण्याचा प्रश्नच उरत नाही. तयार पिशवीत ५ किलो धान्य घालून ती काही वेळ टांगून ठेवावी व मगच विक्रीस द्यावी.

गोधडी : जुन्याचे नवे मोल

नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या, की सुमारे २ मीटर लांबीचे चार पदर मिळतात. एका माणसाच्या गोधडीस एवढे पुरते. पदरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि धावदोरा पदरांना सरकू देत नाही. ओळींमधील अंतर वाढले, की धुतल्यावर आतील कापड गोळा होते. म्हणून टाक्यांच्या ओळी जवळजवळ व समांतर घालाव्यात. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच वस्तू कौदी या नावाने, तर बंगालमध्ये कांथा या नावाने ओळखली जाते. कांथ्याला देशोदेशीच्या बाजारपेठा मिळाल्या. मराठवाड्यातील गोधडीचा टाकाही तितकाच कसदार आहे. मापात आणि सुबकतेत सातत्य आल्यास तिलाही ग्राहक मिळू शकतील.

श्रमाचे मोल आणि पंचायतीचे साहाय्य

घरगुती शिवणकामात सर्वांत मोठी चूक किंमत ठरविताना होते. कापड, दोरा व बटणे यांचा खर्च धरला जातो, पण शिवणारीचे तास हिशेबात येत नाहीत. गोधडीसारख्या वस्तूत कापड जुने व जवळजवळ फुकट असते. तिचे सारे मोल हातच्या कामात असते. म्हणून प्रत्येक गटाने वस्तूगणिक लागलेले तास वहीत नोंदवावेत आणि त्यावरून दर ठरवावा.

यंत्र व प्रशिक्षण यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरांसाठी या योजनेत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद करण्यात आली. ग्रामीण अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविलेली आहे. त्यामुळे पंचायत सदस्यांनी गावातील शिवणाऱ्या स्त्रियांची माहिती वेळेवर गोळा केली, तर पात्र अर्जदार वंचित राहणार नाहीत.

शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला मुलींबरोबरच मुलांनाही बटण लावणे, तुरपाई आणि साधी पिशवी शिकविता येईल. शिक्षकांनी वस्तू तपासताना ती उलटून आतली शिवण पाहावी आणि विद्यार्थ्यांनाही तशी सवय लावावी. वरच्या बाजूने सुबक दिसणारे काम आतून कच्चे असेल, तर ग्राहक एकदाच येतो. आतूनही नीट शिवलेल्या वस्तूसाठी तो पुन्हा येतो, आणि घरच्या सुईला कायमचे काम मिळते ते अशा ग्राहकामुळेच.