आगमनकाल
ख्रिस्ती उपासनावर्षातील नाताळापूर्वीचा पूर्वतयारीचा काळ. त्यात २५ डिसेंबरपूर्वीचे चार रविवार येतात. येशूचा जन्म व युगान्ती होणारे त्याचे पुनरागमन या दोहोंचे चिंतन या काळात केले जाते. म्हणून पश्चात्ताप, प्रार्थना व आशा ही त्याची प्रमुख अंगे होत.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले. या मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेचे मूळ प्यूरिटन पंथात होते. बायबलमध्ये आधार नाही म्हणून त्या पंथाने नाताळचा सण अमान्य केला होता. मॅसॅचूसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्यास दंड होई. 

अहमदनगरला दीर्घकाळ राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाच्या वळणाची मराठी ख्रिस्ती गीते रचली. त्यांतून भक्तिपरंपरेतील भेटीची आर्तता ख्रिस्ती उपासनेत आली. या दृष्टीने आगमनकाल म्हणजे केवळ सणाची वाट पाहणे नव्हे. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूसाठी अंतःकरणात जागा करणे आणि दीनदुबळ्यांत त्याला ओळखणे, हा त्याचा आध्यात्मिक अर्थ होय.