मुशीतून निसटलेलं सोनं

सोन्याचं नाणं पाडायला टाकसाळ लागते. ते नाहीसं करायला? एक मूस, थोडे निखारे आणि सराफाची फुंकणी!

कलबुर्गीत 14 व्या शतकात नेमकं हेच चाललं होतं. बहमनी सुलतान पहिला महंमदशहा याने सोन्याचे टंके पाडले. एकेक साधारण 11 ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याला किंचित कमी. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की सराफ हे टंके घेत आणि सरळ आटवून टाकत. का? विजयनगर आणि तेलंगणच्या राजांना दख्खनच्या बाजारात आपलंच नाणं चालायला हवं होतं, म्हणजे होन. (हा शब्दच कन्नड ‘होन्नु’चा, अर्थ सोनं.) ताकीद देऊनही आटणी थांबेना, तेव्हा 1360 मध्ये सुलतानाने त्या सराफांना ठार मारायचा हुकूम सोडला. सोनं तेवढंच उरलं होतं, एक गुंजही कमी नाही. गेली होती फक्त छाप!

छाप एवढी मोलाची असते? मग हा हिशेब बघा.

1933 मध्ये अमेरिकेत सरकारनेच लोकांकडची सोन्याची नाणी परत मागवली. त्या वर्षी पाडलेली 20 डॉलरची 4,45,500 नाणी जवळजवळ सगळी मुशीत गेली. मोजकी तेवढी निसटली. त्यांतलं एक 2021 मध्ये लिलावात गेलं सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला. आणि त्यात सोनं किती? जेमतेम 30 ग्रॅम!

त्यानंतर अमेरिकेने पुन्हा सोन्याचं नाणं पाडलं ते थेट 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी. त्यावर मशाल घेऊन धावणारे दोन धावपटू. ही नाणी निघाली पाच लाखांहून जास्त, म्हणजे 1933 पेक्षा काहीशी अधिकच. पण आज ती बहुतेकदा सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात. असं का? कारण हौशी लोकांनी ती पहिल्या दिवसापासून डबीत जपली! सगळ्यांनी आटवलं ते अनमोल झालं, सगळ्यांनी जपलं ते सोन्याच्या भावात राहिलं.

तर सोन्याच्या एकाच नाण्याला तीन किमती असतात. पहिली वर लिहिलेली, दुसरी तराजूतली, तिसरी हौसेची. अमेरिकेचं 2014 चं बेसबॉलचं नाणं घ्या. एका बाजूला खोलगट हातमोजा, उलटं करा तर फुगीर चेंडू. वाटीसारखं वाकवूनच पाडलेलं. वर लिहिलंय 5 डॉलर, पोटात साडेसात ग्रॅम सोनं! दुसरी किंमत सराफ सांगेल. तिसरीसाठी मात्र विचारायचं: पाडली किती, उरली किती, आणि अंगावर ओरखडे किती?

त्याआधी नाणं खरं आहे का, ते बघायला हवं. इथे पाणी कामाला येतं. 11 ग्रॅम शुद्ध सोनं बुडवलं, तर पाणी सरकतं अवघं 0.57 मिलिलिटर. तेवढ्याच वजनाचं पितळ त्याच्या दुपटीहून जास्त पाणी सरकवतं. पण ठकही काही कमी नाहीत! टंगस्टन नावाचा धातू जवळपास सोन्याइतकाच जड; तो पोटात भरला की तराजूही फसतो आणि पाणीही. मग कानाने ऐकायचं. अस्सल नाणं हलकेच वाजवलं की त्याचा नाद रेंगाळतो, भरलेलं नाणं लगेच मुकं होतं.

आणि कलबुर्गीतले ते आटलेले टंके? सोनं गंजत नाही, सडत नाही. कुणाचा होन झाला असेल, त्या होनाची पुढे कुणाची पुतळी, त्या पुतळीची आज कदाचित एखाद्या मंगळसूत्राची वाटी. सोनं इथेच कुठेतरी असेल, पण त्याला आता कोण ओळखणार?

म्हणून घरात जुनं नाणं निघालं, तर त्याला चिंचेने घासू नका, माळेत ओवायला कडी जोडू नका. मूस तर लांबच राहू द्या.