धुण्याची पावडर, हात आणि डोळे

स्वच्छतेचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने पटवून देण्याची गरज नाही. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, तेथे स्वच्छता हा केवळ सवयीचा नव्हे, तर संस्काराचा विषय आहे. परंतु परीटघडीच्या सदऱ्याकडे पाहताना तो कोणी धुतला आणि धुताना त्या माणसाच्या हातांचे व डोळ्यांचे काय झाले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. धुण्याच्या पावडरीने हात सोलणे, बोटांच्या पेरांना भेगा पडणे, मोरीत बसल्या बसल्या डोळे चुरचुरणे, घशात खवखवणे या गोष्टी घरोघरी आहेत. त्या इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की, त्यांना कोणी तक्रारसुद्धा म्हणत नाही. "धुणे म्हटले की हे व्हायचेच" असे म्हणून त्या सोडून दिल्या जातात. हे का होते आणि टाळता येते का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तथापि ज्या वस्तूशी रोजचा संबंध येतो ती समजून घेण्यास शाखेची अट नसावी.

साबणाकडून पावडरीकडे

पूर्वी आपल्याकडे कपडे रिठ्याने, पापडखाराने किंवा धुण्याच्या सोड्याने धूत असत. पुढे साबणाच्या वड्या आल्या. तेल किंवा चरबी यांवर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की साबण तयार होतो. साबणात एक मोठी उणीव आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका बनतो. फेस येत नाही आणि कपडाही निघत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी चरबीवाचून कपडे धुण्याचा पदार्थ शोधण्यास प्रारंभ केला. त्यातून अपमार्जके, म्हणजे आपण ज्यांना डिटर्जंट म्हणतो ती, जन्माला आली. अमेरिकेत १९४६ मध्ये 'टाइड' आणि भारतात १९५९ मध्ये 'सर्फ' बाजारात आले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी 'निरमा' ही स्वस्त पावडर काढली आणि जी वस्तू सुखवस्तू घरांत दिसे, ती झोपडीपर्यंत पोहोचली. गरीब माणसाचे कपडे उजळ झाले, ही गोष्ट थोडी नव्हे. परंतु पावडर घरात आली, तशी ती कशी वापरावी याची माहिती मात्र घरात आली नाही.

पावडरीत असते काय?

पावडरीचा मुख्य घटक म्हणजे मळ सोडविणारा पदार्थ. आपल्याकडे तो बहुधा 'ॲसिड स्लरी' या नावाने मिळणाऱ्या काळपट, दाट द्रवापासून बनवितात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. कपड्यावरील तेलकट मळाला दुसरे टोक चिकटते, पहिले टोक त्याला पाण्यात ओढते आणि मळ सुटतो. त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा, सोडियम सिलिकेट, भर म्हणून घातलेले मीठवजा क्षार, पांढरेपणा भासविणारे द्रव्य आणि सुगंध असतो. महाग पावडरींत डाग पचविणारी एन्झाइमेही असतात. सुट्या, स्वस्त पावडरीत सोड्याचे प्रमाण बहुधा अधिक असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आम्लता व अल्कधर्मिता मोजण्याची जी पट्टी आहे, तिच्यावर ७ हा आकडा उदासीन मानतात. आपल्या कातडीचा पृष्ठभाग साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. धुण्याच्या पावडरीचे पाणी १० च्या आसपास असते. ही पट्टी अशी आहे की, एकेका आकड्यागणिक दहापट फरक पडतो. म्हणजे ५ पासून १० पर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, तर लाखपट आहे.

हात का सोलतात?

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी भिंतीतील विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असून त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचे लिंपण असते. हे लिंपण आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची रसायने आत येऊ देत नाही. अपमार्जकाचे कामच मुळी स्निग्ध पदार्थ धरून पाण्यात ओढणे हे असल्यामुळे कपड्यावरचे तेल आणि कातडीतले तेल यांत ते भेद करीत नाही. लिंपण गेले की कातडी कोरडी पडते, मग तडकते, आणि भेगांतून सोडा आत शिरून आग करतो. एकदा धुतल्याने फारसे बिघडत नाही, कारण कातडी हे लिंपण पुन्हा तयार करते. परंतु तिला त्यासाठी वेळ लागतो. रोज हात पाण्यात असले की तो वेळ मिळत नाही. म्हणूनच जर्मनीतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत रोज दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणारे काम हे कातडीला धोक्याचे काम मानले आहे. चार घरची धुणी करणाऱ्या बाईचे दोन तास तर सकाळी आठच्या आतच भरतात.

पुष्कळ लोक याला 'ॲलर्जी' म्हणतात. वास्तविक हे दोन निराळे प्रकार आहेत. ॲलर्जी एखाद्यालाच होते आणि तीत शरीराची संरक्षणव्यवस्था विशिष्ट पदार्थाविरुद्ध उठते. सुगंधी द्रव्यांमुळे ती होऊ शकते. लिंबाच्या व फुलांच्या वासाची जी द्रव्ये वापरतात, त्यांतील काही हवेत राहून बदलतात आणि अधिक उपद्रवी होतात. दाह मात्र कोणालाही होऊ शकतो. प्रश्न फक्त प्रमाणाचा व वेळेचा असतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७३८ रुग्णांच्या कातडीवर धुण्याच्या पावडरीची चाचणी घेतली, तेव्हा ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी जणांना आढळली. याचा अर्थ असा की, बहुसंख्य हात सोलतात ते पावडर 'मानवत नाही' म्हणून नव्हे, तर ती फार वेळ आणि फार दाट लागते म्हणून. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पावडरीचे नाव बदलून हा दाह जात नाही. पद्धत बदलावी लागते.

वास आणि डोळ्यांची आग

आता डोळ्यांकडे वळू. सोडा किंवा अपमार्जक यांची वाफ होत नाही. मग डोळ्यांपर्यंत पोहोचते काय? एक म्हणजे पावडरीची धूळ. पिशवी उंचावरून बालदीत उपडी केली की बारीक धूळ तोंडासमोर उडते. दुसरे म्हणजे शिंतोडे. कपडा आपटताना व ब्रशने घासताना अतिसूक्ष्म थेंब उडतात. तिसरे म्हणजे सुगंध. तो मात्र खरोखरच वाफ होऊन हवेत मिसळतो आणि गरम पाण्यात अधिकच उठतो. खिडकी नसलेल्या मोरीत हे तिन्ही कोंडून राहतात.

डोळ्यांवर कातडीसारखा मृत पेशींचा थर नाही. बुबुळावरील पारदर्शक पडदा सदैव ओला असून त्यात मज्जातंतूंची दाटी आहे. धुळीचा कण अश्रूत विरघळला की तेथेच सोड्याचे पाणी तयार होते. शिवाय अश्रूंवर तेलाची एक पातळ साय असते. ती असल्यामुळे डोळा लगेच कोरडा पडत नाही. अपमार्जक ही सायही मोडते. मग डोळे चुरचुरतात, लाल होतात, आपण ओल्या हाताने ते चोळतो आणि हातावरची पावडर पापण्यांच्या नाजूक कातडीला लागून दुखणे वाढते.

दाट अल्कली डोळ्यात जाणे हे आम्लापेक्षाही घातक असते. चरबी आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण होतो, हे वर सांगितलेच आहे. तीव्र अल्कली डोळ्यातील पेशींच्या स्निग्ध आवरणावर हीच क्रिया करीत आत आत जाते. अमेरिकेत द्रव अपमार्जकाच्या रंगीत पुड्या निघाल्यानंतर तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांना त्यांमुळे झालेल्या इजांची संख्या २०१२ मधील अंदाजे १२ वरून २०१५ मध्ये ४८० वर गेली. असे काही झाल्यास डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. आधी पाणी, मग डॉक्टर, हा क्रम चुकवू नये.

एक ताकीद येथे देणे अवश्य आहे. पांढरे कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड ही कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. त्यांतून क्लोरिन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला, तो हाच वायू होय.

रिठा मात्र निरुपद्रवी, असा एक समज आहे. रिठा कुटताना शिंका येतात आणि शिकेकाई डोळ्यात गेली की काय होते, हे ज्याने त्याने लहानपणी अनुभवलेले असते. वनस्पतीतून आले म्हणून ते सौम्यच असते असे नाही.

कारखान्यातील धडा

एन्झाइमांची पावडर निघाली तेव्हा ती बनविणाऱ्या कामगारांना दम लागू लागला. १९६९ मध्ये ब्रिटनमधील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही गोष्ट प्रसिद्ध झाली. पुढे एन्झाइमांची धूळ उडू नये म्हणून त्यांचे वेष्टण घातलेले दाणे करण्यात येऊ लागले आणि त्रास पुष्कळच कमी झाला. म्हणजे तक्रारीकडे लक्ष दिले, तर उपाय निघतो. घरातील धुण्याकडे मात्र असे लक्ष उशिरा गेले. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६,२३५ स्त्री-पुरुषांची सुमारे वीस वर्षांची माहिती तपासून २०१८ मध्ये दाखवून दिले की, सफाईचे काम करणाऱ्या व घरी साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटते.

अंगठ्याचा ठसा

या विषयाची आणखी एक बाजू आहे. देशातील पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला. तेव्हापासून माणसाची ओळख त्याच्या बोटांवर आली. माझी आई पाच घरची धुणीभांडी करते. रेशनच्या दुकानातील यंत्रावर तिचा अंगठा तीन-तीनदा ठेवूनही जुळत नाही. "मावशी, हात धुऊन या," असे तिला सांगण्यात येते. हात धुण्यानेच तर हे झाले आहे! मलेशियात झालेल्या एका अभ्यासात हातांना त्वचादाह असलेल्या शंभर रुग्णांपैकी २७ जणांचे ठसे यंत्राला ओळखता आले नाहीत. इतर शंभर जणांत असे दोघेच निघाले. ज्या कामाने घर चालते, त्याच कामाने घरच्या धान्याचा हक्क अडावा, ही गोष्ट साधी नव्हे. ठसा जुळत नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना दिल्या होत्या. बुबुळाची तपासणी किंवा मोबाइलवर येणारा क्रमांक हे पर्यायही आधारच्या व्यवस्थेत आहेत. रांगेत उभ्या असलेल्या किती बायकांना हे माहीत असते?

काय करता येईल?

उपाय खर्चाचे नाहीत. आधी पाणी, मग पावडर, आणि तीही पाण्यालगत हात नेऊन हळूच सोडावी; म्हणजे धूळ उडत नाही. मूठ हे माप नव्हे. चमचा ठरवून घ्यावा. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस अधिक केला की खळबळायला पाणी अधिक लागते, आणि टँकरच्या गावात ते नसल्यामुळे पावडर कपड्यातच राहून अंगाला खाजते. पावडर पाण्यात पूर्ण विरघळवून, कपडे भिजत ठेवून मग धुवावेत. घासणे कमी लागते. मोरीचे दार-खिडकी उघडी ठेवावी किंवा अंगणात धुवावे. रबरी हातमोजे वापरावेत. घाम येत असेल तर आत सुती मोजे घालावेत. काम झाले की हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. भेगांतून पाणी येऊ लागले किंवा डोळ्यांची लाली दोन दिवसांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून मनाने मलम आणून लावू नये.

महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकाम करणारी बाई ही कामगार आहे, हे त्याने मान्य केले. कामगार म्हटले की कामाच्या जागेची सुरक्षितता आलीच, आणि तिच्या कामाची जागा म्हणजे तुमची-आमची मोरी आहे. हातमोज्यांचा एक जोड आणि मापाचा एक चमचा तेथे ठेवणे कोणत्याही घराला जड जाऊ नये. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावातील गटारे साफ करतो. यंदा एक दुपार त्याच गावातील बायकांशी धुण्याविषयी बोलण्यास, आणि ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांची यादी करून ती तहसील कार्यालयात नेऊन देण्यास द्यावी, अशी विनंती या लेखाच्या निमित्ताने मी माझ्या सहाध्यायांना व प्राध्यापकवर्गाला करते.