अर्ध्या पानाचा सी.ए. रिपोर्ट

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्याची फाइल उघडा. फिर्याद, पंचनामे, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल असं करत शेवटाकडे अर्ध्या-पाऊण पानाचा एक कागद लागतो. वर क्रमांक आणि तारीख. मग एक ठरावीक ओळ : पार्सल सीलबंद, सील शाबूत व पाठवलेल्या प्रतीप्रमाणे. त्याखाली वस्तूंची यादी आणि निष्कर्ष : वस्तू क्रमांक ३ वर मानवी रक्त, गट बी. शेवटी सही आणि हुद्दा. कोर्टात याला सगळे सी.ए. रिपोर्ट म्हणतात, सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. सरकारी वकील त्यावर निशाणी घालून घेतात आणि बचावाचे वकील बहुधा हरकत नाही म्हणून पुढच्या साक्षीदाराकडे वळतात. खरं तर फाइलमधला जो कागद बचावाने सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश वाचायला हवा, तो हाच.

हा कागद जिथून येतो ते घर जुनं आहे. इंग्रजी अमदानीत विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी सरकारने रासायनिक परीक्षक नेमायला सुरुवात केली. मद्रासला १८४९ साली, कलकत्त्याला १८५३ साली, आग्र्याला १८६४ साली आणि मुंबईत १८७० साली अशी प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हाचं मुख्य काम म्हणजे पोटातला सोमल किंवा धोतरा शोधणं. आज राज्याचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय मुंबईत सांताक्रूझच्या कलिन्यात आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. विषशास्त्र, जीवशास्त्र, डीएनए, दारूबंदी, बॅलिस्टिक्स, सायबर असे विभाग. खातं गृह विभागाचं, म्हणजे पोलिसांचंच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत काय होतं ते विषाच्या उदाहरणावरून पाहू. मृत्यूचं कारण राखून ठेवलं असेल तर डॉक्टर बरण्या भरून देतात : एकीत जठर आणि आतड्याचा भाग, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंडाचे तुकडे, बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात. प्रयोगशाळेत त्यातून अर्क काढतात. मग पातळ थराची क्रोमॅटोग्राफी : काचेच्या पट्टीवर सिलिका जेलचा पांढरा थर, त्याच्या तळाशी केशनळीने अर्काचा एक ठिपका, शेजारी ओळखीच्या कीटकनाशकाचा ठिपका. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीपर्यंत घेऊन जातो. पट्टी वाळवून रसायन फवारलं की डाग रंग धरतात. दोन्ही डाग एका उंचीवर, एका रंगाचे आले, तर तो पदार्थ असण्याची शक्यता बळावते. पण निव्वळ उंचीवरून ओळख पटत नाही, कारण वेगळे पदार्थही तेवढंच अंतर चालू शकतात. खात्रीसाठी वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी चाचणी लागते, जसं की गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडी. रिपोर्टमध्ये मात्र एवढंच येतं : अमुक कीटकनाशक आढळले. पट्ट्या किती केल्या, सोबत कोरा नमुना चालवला होता का, दुसरी चाचणी झाली का, हे सगळं विश्लेषकाच्या वर्कशीटवर असतं. आणि वर्कशीट मागितल्याशिवाय मिळत नाही.

रक्ताचंही तसंच. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी गुलाबी झाली म्हणजे ते रक्त असू शकतं, एवढंच. काही भाज्यांचे रसही तिला फसवतात. पुढे ते माणसाचं आहे का, मग गट कोणता. आपल्याकडे साधारण दर तिसरा माणूस बी गटाचा निघतो. आरोपीच्या शर्टावर मृताच्या गटाचं रक्त मिळालं, पण आरोपीचा स्वतःचा गट कोणता हे तपासलंच नाही, तर त्या पुराव्याचं वजन किती? डीएनए येण्याआधीच्या किती खटल्यांत हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नसेल, कोण जाणे.

दारूच्या रक्तचाचणीचं उदाहरण तर प्रत्येक नवख्या फौजदारी वकिलाने पाठ करावं. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम या बाबतीत फार काटेकोर आहेत. कातडी स्पिरिटने पुसायची नाही. पाच सीसी रक्त घ्यायचं, कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रव्य हवं, लेबल हवं, डॉक्टरांचं सील हवं, आणि नमुना सात दिवसांच्या आत तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोहोचायला हवा. यामागे शास्त्र आहे. टिकवणारं द्रव्य नसेल आणि कुपी उबेत पडून राहिली, तर जंतूंमुळे साखर आंबते आणि रक्तात नसलेला अल्कोहोल तयार होतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा आकड्याला कुपीतला निष्काळजीपणा पुरेसा आहे.

सलमान खान यांच्या २००२ च्या वांद्रे अपघात खटल्यात रक्तात ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल आल्याचा अहवाल होता. बचावाने नमुन्याच्या प्रवासावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी सहा मिलिलिटर रक्त घेतलं आणि प्रयोगशाळेत चार पोहोचलं, मग मधले दोन कुठे गेले, असा प्रश्न केला. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि रक्ताच्या पुराव्यावरचा अविश्वास हे त्यातलं एक कारण होतं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. उलट बाजूचं उदाहरण पुण्याचं. मे २०२४ मधल्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाचं रक्त रुग्णालयातच बदलल्याचा आरोप झाला, तो दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर. साखळीचा आग्रह हा केवळ आरोपीच्या सोयीचा नसतो, हे यातून दिसावं.

साखळी म्हणजे काय? घटनास्थळी वस्तू जप्त झाली तेव्हा पंचांच्या सह्यांचं लेबल लागलं का. लाखेचं सील लावलं तर ते कुणाचं आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेला वेगळा पाठवला का. मालखान्यात मुद्देमाल कारकुनाच्या वहीत नोंद कुठल्या तारखेची. प्रयोगशाळेत नेणारा शिपाई, ज्याला निकालपत्रांत कॅरियर म्हणतात, त्याचा बकल नंबर काय आणि तो साक्षीला आला का. ओले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधले की तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले? प्लॅस्टिकमध्ये ओलं रक्त कुजतं, आणि मग 'निष्कर्ष निश्चित नाही' असा शेरा येतो. त्याचा दोष विश्लेषकाच्या माथी मारणं अन्याय्य आहे, कारण त्याच्या टेबलावर वस्तू येते ती आधीच बिघडलेली.

डीएनएच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे हेच परत परत सांगितलं आहे. दिल्लीच्या छावला इथल्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फेब्रुवारी २०१२ च्या १४ आणि १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेला प्रयोगशाळेत गेले. तोवर ते मालखान्यात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले. महाराष्ट्रातल्या बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या खटल्यातही मे २०२३ मध्ये असंच झालं : नमुने पाठवायला उशीर, त्याचं कारण कुणी सांगेना, आणि फाशीची शिक्षा रद्द. अशा निकालांनी लोक संतापतात, आणि तो संताप मी समजू शकतो. पण रागावायचंच असेल तर पाकीट अकरा दिवस पडू देणाऱ्यावर रागवावं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तमिळनाडूच्या एका खटल्यात सरळ नियमच घालून दिले : डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, साखळीची नोंदवही ठेवा आणि ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडा. आता ती वही नसेल तर बचावाला मुद्दा आयता मिळतो.

आता कायद्याची गंमत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३२९ झालं, असं म्हणतं की ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येईल. न्यायालयाला वाटलं तर ते बोलावू शकतं. हेतू चांगला होता, विश्लेषकांनी रोज कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत. परिणाम असा की उलटतपासणीची सवयच मोडली. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मॅसेच्युसेट्सच्या एका खटल्यात उलट भूमिका घेतली : प्रमाणपत्र चालणार नाही, विश्लेषकाने समोर यावं. गंमत म्हणजे त्याच मॅसेच्युसेट्समध्ये २०१२ साली उघडकीला आलं की अ‍ॅनी डूखन ही सरकारी विश्लेषक कित्येक पाकिटं नुसती डोळ्यांनी पाहून 'अमली पदार्थ' लिहीत होती. २०१७ साली एकवीस हजारांवर खटले रद्द करावे लागले. आपल्याकडे असं होत नसेल, असं धरून चालायला आधार काय? आधार एकच, की कुणी विचारत नाही.

आणि इथे गृह विभागाचा मुद्दा येतो. नमुन्याबरोबर पोलिसांचं जे पत्र जातं, त्यात गुन्ह्याची थोडक्यात हकिकत असते. आरोपीने कुऱ्हाडीने वार केला, सबब कुऱ्हाडीवरील रक्त तपासावे. विश्लेषक प्रामाणिक असला तरी उत्तर काय अपेक्षित आहे हे त्याला आधीच कळलेलं असतं. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात प्रयोगशाळा पोलिसांपासून वेगळ्या करा अशी शिफारस केली, ती याच कारणाने. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आलं आहे. म्हणजे प्रयोगशाळेवरचा भार वाढणार. स्वातंत्र्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

डिजिटल पुराव्याबद्दल थोडक्यात. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत चालत नाही, हे २०२० साली जालन्याच्या एका निवडणूक याचिकेतून पक्कं झालं. नव्या साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू डिजिटल ठसा, तेही लिहावं लागतं. मोबाइल जप्त करताना हॅश काढलं नसेल, तर नंतर काढलेल्या हॅशने फार काही सिद्ध होत नाही.

गांजाच्या प्रकरणांत तर वजनकाट्यावरच खटला फिरतो. कायद्याने गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंड्यांविना आलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. वीस किलोच्या वर गेली की व्यावसायिक मात्रा, तिथे जामीन जवळजवळ बंद. पोत्यात देठ-पानांसकट एकवीस किलो भरलं आणि तेवढंच पंचनाम्यात लिहिलं, तर त्यात शेंडे किती हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

म्हणून वकील मित्रांनो, पुढच्या तारखेला तीन गोष्टी करा. रिपोर्टवरची सही कलमातल्या यादीतल्या हुद्द्याची आहे का ते पाहा. वर्कशीट आणि मालखान्याच्या वहीचा उतारा मागणारा लेखी अर्ज द्या, आणि विश्लेषकाला बोलावण्याची मागणी त्यातच करा. नाकारला तरी अर्ज रेकॉर्डवर राहतो आणि अपिलात उपयोगी पडतो. अमली पदार्थांच्या खटल्यात फेरतपासणी हवी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली घालून दिलेली मुदत अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांची आहे, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. सोळाव्या दिवशी तुमचा मुद्दा कितीही बिनतोड असला तरी न्यायाधीश आधी तारीख पाहतील.