मुरगावची जुनी मीटरगेज टेबलावर बसते, आजची ब्रॉडगेज बसत नाही! रेल्वे मॉडेलच्या छंदामागचा हिशोब

मुरगाव : मुरगाव बंदरातून सावर्डे, कुळे, दूधसागर करत कॅसलरॉककडे चढणारी मीटरगेज गाडी ज्यांना नीट आठवते, ती मंडळी आज चाळिशीच्या पुढे आहेत. १९९० च्या दशकात ही लाईन ब्रॉडगेज झाली. जुने रूळ गेले, जुने डबे गेले, आणि प्रवासी गाड्या आता वास्कोलाच थांबतात. ती लाईन पुन्हा डोळ्यांनी बघायची तर मोजून-मापून केलेलं मॉडेल हाच एक मार्ग उरतो. ‘मोठ्या माणसांचा खेळ’ म्हणून आपल्याकडे हसण्यावारी नेला जाणारा हा छंद काही लोक आयुष्यभर करतात. त्यात कसब कुठे लागतं आणि गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, मिरज या पट्ट्यातल्या रेल्वेला तो कसा लागू होतो, ते समजून घेऊ.

खेळणं वेगळं, मॉडेल वेगळं

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी गाडी सुंदर असते. तिचं इंजिन डब्यापेक्षा छोटं असलं, चाकं जाड असली, तरी पोराचं काही अडत नाही. मॉडेलवाल्याचं अडतं. त्याला सुरुवातीला एक प्रमाण ठरवावं लागतं आणि मग इंजिन, डबा, फलाट, माणूस, नारळाचं झाड, सगळ्यांना तेच लावावं लागतं.

जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे ‘एचओ’. यात खरी वस्तू ८७ पट लहान होते. आपल्या जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी साधारण २१.३ मीटर, तिचे होतात साडेचोवीस सेंटिमीटर. नव्या एलएचबी डब्याची लांबी २३.५ मीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. हा अडीच सेंटिमीटरचा फरक न दाखवता दोन्ही डबे एकाच साच्यात काढले, तर जाणकार लगेच ओळखतो.

हेच काटेकोरपण चाकाची जाडी, रुळाची उंची आणि सांध्यातल्या फटीपर्यंत नेलं की त्याला ‘फाइनस्केल’ म्हणतात. सूक्ष्म प्रमाण म्हणा हवं तर.

गेजचा ताळेबंद

आता खरी गंमत. बाजारात एचओचा तयार रूळ मिळतो तो १६.५ मिलिमीटर रुंदीचा. तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी केलेला आहे. आपल्या गेजना ८७ ने भागलं तर काय दिसतं, बघा :

- ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर : हवेत १९.३, तयार मिळतात १६.५.
- मीटरगेज, १,००० मिलिमीटर : हवेत ११.५, तयार मिळतात १२.
- बार्शी लाईटची नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर : हवेत ८.८, तयार मिळतात ९.
- माथेरानची गाडी, ६१० मिलिमीटर : हवेत ७, तयार मिळतात ६.५.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात मीटरगेज गाड्या आजही धावतात. त्यांच्या मॉडेलसाठी १२ मिलिमीटरचा रूळ निघाला, तो आपल्या मुरगाव लाईनला जवळपास फिट बसतो. म्हणजे आपल्याकडून जी गेली त्या मीटरगेजसाठी आणि बार्शीच्या नॅरोगेजसाठी तयार रूळ आहे, आणि रोज पेडण्यातून धावणाऱ्या कोकण रेल्वेसाठी नाही! तिथे पावणेतीन मिलिमीटरची तूट येते.

बहुतेक भारतीय हौशी लोक ही तूट सोसतात आणि ब्रॉडगेजचं इंजिन १६.५ च्या रुळावरच चालवतात. बाजूने बघितलं तर कळत नाही. समोरून बघितलं की रुंद इंजिन अरुंद रुळावर उभं, जाड माणूस चिंचोळ्या बाकावर बसल्यासारखं दिसतं.

ब्रिटनमध्येही हेच दुखणं होतं. तिथले डबे एका फुटाला ४ मिलिमीटर या मापाने, पण रूळ मात्र १६.५ चाच. हिशोबाने हवेत १८.८३. त्यावर आधी १८ च्या आसपासचा मधला मार्ग निघाला आणि १९६० च्या दशकात काही हट्टी मंडळींनी थेट १८.८३ वरच काम सुरू केलं. आपली तूट त्यांच्यापेक्षा मोठी आहे. ब्रॉडगेज फाइनस्केलमध्ये करायची तर १९.३ चा रूळ स्वतःच घालावा लागतो. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पीसीबीच्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे, त्यावर रूळ डागायचा, आणि दर दोन-तीन स्लीपरला गेज लावून अंतर तपासायचं. मीटरभर रूळ घालायला काही संध्याकाळी सहज जातात. सांधा करायचा तर त्याहून जास्त.

मिरजेचा विचार करा. एकेकाळी तिथे ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकत्र होती. तीन गेज एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी दाखवायला मिळणं, हे कुठल्याही मॉडेलवाल्याला मोहात पाडणारं आहे.

चाक पातळ, जबाबदारी जाड

खऱ्या चाकाची रुंदी सुमारे १२७ मिलिमीटर. एचओत ती दीड मिलिमीटरही होत नाही. तयार मॉडेलमध्ये चाक पावणेतीन मिलिमीटरपर्यंत जाड ठेवतात, कारण जाड चाक वाकड्यातिकड्या रुळावरही तग धरतं. चाक रुळावरून घसरू नये म्हणून त्याला जी कड असते, ती खऱ्या मापाने ०.३३ मिलिमीटर हवी. तयार मॉडेलमध्ये ती त्याच्या दुप्पट किंवा जास्त असते.

रुळाचंही तसंच. ६० किलोच्या खऱ्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, मॉडेलमध्ये ती २ मिलिमीटरला थोडी कमी यायला हवी. बाजारातला सर्रास मिळणारा रूळ अडीच मिलिमीटर उंच असतो.

चाक पातळ केलं की गाडी घसरायची शक्यता वाढते. म्हणून फाइनस्केलवाले एक जुनी युक्ती वापरतात. चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही. इंजिनाचा भार अशा तीन बिंदूंवर तोलायचा की प्रत्येक चाक रुळाला टेकलेलं राहील. चाक टेकलं की वीजही नीट मिळते, कारण मोटरला वीज रुळातूनच जाते.

घाट घरात कसा मावणार?

मुरगाव ते कॅसलरॉक अंतर सुमारे ८० किलोमीटर. ८७ ने भागलं तरी नऊशे मीटरच्या वर! नुसता कुळे ते कॅसलरॉक घाट, साधारण २६ किलोमीटर, घेतला तरी ३०० मीटर होतात. एवढा हॉल कुणाकडे आहे?

चढ बघा. या घाटाचा चढ ३७ ला १ असा धरतात. टेबलावर एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर १० सेंटिमीटर तरी उंची लागते. म्हणजे पावणेचार मीटर सलग चढ हवा. वळणाचं तर विचारूच नका. २०० मीटर त्रिज्येचं खरं वळण मॉडेलमध्ये २.३ मीटर त्रिज्येचं होतं, आणि बाजारातले वळणाचे तुकडे अर्ध्या मीटरच्याही आत वळतात.

बंदरातून कोळसा घेऊन निघणारी ५८ बॉक्सएन वॅगनची रेक खरी ६२० मीटर, मॉडेलमध्ये ७ मीटरच्या वर. हॉलच्या भिंतीपेक्षा गाडीच लांब!

म्हणून जाणकार एकच सल्ला देतात : लाईन करू नका, एक जागा करा. कुळे स्टेशन घ्या, जिथे घाट चढायला गाडीला जादा इंजिनं लागतात. पेडण्याचा घ्यायचा तर बोगद्याचं तोंड आणि त्यापुढचा थोडासा कातळ घ्या. डिचोलीत रेल्वे नाही, पण तिथलं खनिज बार्जेसमधून मांडवीने मुरगावला यायचं. मग जेटी आणि बार्ज हेही त्याच गोष्टीचं एक पान झालं. वॅगन ५८ नकोत, १२ पुरे. त्यांची रेक दीड मीटरची होते. लांबी कमी केली तरी चालते, प्रमाण मोडलं तर नाही चालत.

पुण्याचं संग्रहालय आणि इंग्लंडचं खेडं

आयुष्यभर कुणी एवढी मेहनत घेतं का? घेतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघु रेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. एचओ प्रमाणातलं एक काल्पनिक शहर, त्यात धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, दिवे. एका माणसाच्या छंदातून हे झालं. मुलांना घेऊन पुण्याला गेलात तर जरूर बघा.

ठराविक जागा जपण्याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिथे गेला. गवती छपरांची जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्याने एकेक घर मोजून त्याची मॉडेल करायला घेतली. त्यातून ‘पेंडन’ संग्रहालय उभं राहिलं. तो १९९५ मध्ये गेला, पण काम आजही चालू आहे. मूळ घरं बदलली, पण त्यांची मापं राहिली.

कस्टम, खारी हवा आणि वाळवी

खर्चाचं काय? छंदाचं बरंचसं सामान बाहेरून येतं. कस्टमच्या ९५०३ या वर्गात खेळण्यांबरोबर लहान आकाराच्या प्रतिकृतीही येतात. २०२० मध्ये त्यावरचं मूळ आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शंभर रुपयांच्या मालाला सत्तर रुपये शुल्क, त्यावर जीएसटी आणि टपाल वेगळं. म्हणूनही घरी बनवण्याला आपल्याकडे पर्याय नाही.

हातात कला आहेच. चवथीचे हलते देखावे, शिगम्याचे चित्ररथ, नाताळचे गोठे करणारी पोरं इथे गावोगाव आहेत. मोटर, पुली, थर्माकोल, रंग यांचं गणित त्यांना शिकवावं लागत नाही. फक्त पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर हातात यायला हवा.

किनाऱ्याची हवा मात्र वैरीण आहे. लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतो, म्हणून निकेल-सिल्व्हर मिश्रधातूचा घ्यावा. साधा प्लायवूड फुगतो आणि चढ बिघडतो, मरीन प्लाय बरा. वाळवीसाठी टेबलाचे पाय भिंतीपासून दूर ठेवा.

मापं घ्यायची ती आताच

या लाईनच्या दुपदरीकरणाचा वाद गोव्यात गाजतोच आहे. कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. वाद कुठेही जावो, स्टेशनं बदलत राहणार. जुनं सामान बघायचं तर हुबळीला दक्षिण पश्चिम रेल्वेचं संग्रहालय २०२० मध्ये झालं आहे. रुळावर उतरून मापं घ्यायच्या भानगडीत पडू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि जीवही जातो. फलाटावरून, परवानगी घेऊन जे होतं तेवढंच करा.

पण सर्वांत मोठा ठेवा घराघरांत पडून आहे. मुरगाव, वास्को, कुळे, लोंढा किंवा बेळगाव स्टेशनवर काढलेला मीटरगेजच्या काळातला एखादा कौटुंबिक फोटो अल्बममध्ये असेल. त्यात मागे रूळ दिसत असतील तर फोटोतच पट्टी मिळाली, कारण दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. रुळाजवळच्या डब्याची उंची, फलाटाची कड, त्यावरून बऱ्यापैकी काढता येते. छपराच्या कौलांच्या ओळी मोजल्या आणि एका कौलाचं माप घेतलं की छपराचंही माप निघतं.

असा फोटो असेल तर मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा : स्टेशन, साल, आणि फोटो कुठल्या बाजूने काढला. घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर डब्याचा रंग कुठला होता आणि पाण्याचा पंप कुठे होता, तेही विचारून घ्या. मॉडेल करणारा पुढे कधीतरी भेटेल. सांगणारे तोवर असतीलच असं नाही.