रुदानं दार उघडलं नाही
शास्त्रातलं हसू : लेखांक ५

योनाला निनवेबाहेर वाळलेल्या वेलीपाशी रुसलेला सोडून आज यरुशलेमला येऊ. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक विनोदासाठी कुणी उघडत नाही. दगडमार, तुरुंग, जहाजफुटी हाच त्यातला नेहमीचा ऐवज. पण लूकला प्रसंग रंगवायची हातोटी आहे, आणि बाराव्या अध्यायात तर तो अगदी रंगात आलेला दिसतो.

सुरुवात मात्र रक्तानं होते. हेरोद अग्रिप्पा राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारवलं. लोक खूश झालेले पाहून बेखमीर भाकरींच्या सणात त्यानं पेत्रालाही धरलं. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. एका कोळ्यासाठी सोळा शिपाई! सण उरकला की त्याला लोकांसमोर आणायचं ठरलेलं. आदल्या रात्री दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला पेत्र गाढ झोपलाय. कोठडीत लख्ख उजेड पडतो तरी जाग नाही. देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागतं. मग कंबर बांध, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे अशा सूचना सुरू होतात, शाळेला उशीर झालेल्या पोराला आई देते तशा. साखळ्या गळतात, पहारे मागे पडतात, शहराकडचं लोखंडी दार आपोआप उघडतं. पेत्राला हे सगळं स्वप्नच वाटतंय. एक रस्ता चालून झाल्यावर देवदूत नाहीसा होतो, तेव्हा कुठं स्वारी भानावर येते.

तो थेट मार्कच्या आईच्या, मरीयेच्या घरी जातो. तिथं बरीच मंडळी जमून प्रार्थना करताहेत. पेत्र अटकेत पडल्यापासून त्याच्यासाठी मंडळीची कळकळीची प्रार्थना चालूच होती. दार वाजतं. रुदा नावाची दासी कानोसा घेते, आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. पेत्र दारात, म्हणजे दाराच्या चुकीच्या बाजूला! तुरुंगाचं लोखंडी दार त्याला हात न लावता उघडलं होतं; आपल्या माणसांचं मात्र ठोठावूनही उघडेना.

आत काय चाललंय? तुला वेड लागलंय, असं सगळे तिला म्हणताहेत. ती हट्टानं सांगतेय, तोच आहे. मग तोड निघते : त्याचा देवदूत असेल. देवदूत दारात उभा आहे हे त्यांना पटतं, पण आपली प्रार्थना ऐकली गेली असेल हे काही केल्या पटत नाही. आणि बाहेर, लूक न विसरता नोंदवतो, पेत्र दार ठोठावतोच आहे.

बातमी घेऊन धावत सुटणारा दास हे ग्रीक-रोमन सुखात्मिकांतलं ठरलेलं पात्र. प्लॉटसच्या नाटकांत तो वारंवार भेटतो. काही अभ्यासक रुदाची धाव त्याच परंपरेत बसवतात. असेलही. मला मात्र लूकच्याच शुभवर्तमानाचा शेवट आठवतो. रिकाम्या कबरेवरून आलेल्या बायकांचं बोलणं प्रेषितांना वायफळ वाटलं होतं, आणि पुढं खुद्द येशू समोर उभा राहिला तरी आनंदामुळे त्यांचा विश्वास बसेना. त्या बायकांचं बोलणं ऐकून उठून कबरेकडे धावला होता तो पेत्र. आज तोच एका दासीच्या शब्दावर अवलंबून रस्त्यावर ताटकळतोय. लूकनं हे मुद्दाम जुळवलं नसेल, असं मानणं मला तरी जड जातं.

अखेर दार उघडतं. एवढा कल्लोळ होतो, की पळून आलेल्या कैद्यालाच हातानं खुणावून सगळ्यांना गप्प करावं लागतं. घडलेलं सांगून, ही बातमी याकोबाला (येशूच्या भावाला, मारल्या गेलेल्याला नव्हे) आणि इतर बंधूंना कळवा असं बजावून तो निघून जातो. सकाळी शिपायांत खळबळ उडते. हेरोद शोध घेतो, पहारेकऱ्यांची चौकशी करतो आणि त्यांना देहदंड फर्मावतो. हसता हसता घास अडकावा अशी ही ओळ, आणि लूक ती गाळत नाही.

पुढच्या आठवड्यात इफिसला जाऊ. तिथं भूत काढायला गेलेले स्किवाचे सात मुलगे अंगावरचे कपडेही गमावून पळत सुटले होते.