पळणाऱ्या मुलीच्या ताटात काय आहे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी चारशे मीटर पळणारी, विभागीय स्पर्धेपर्यंत पोचलेली. "डॉक्टरसाहेब, हिला पळणं बंद करायला सांगा. चार महिने पाळी नाही, नडगी दुखते, जिना चढताना धाप लागते." मुलगी मान खाली घालून बसली होती.

इथे माझी चूक कबूल करतो. हीच मुलगी सहा महिन्यांपूर्वी "दम लागतो" म्हणून आली होती, तेव्हा मी रक्त न तपासताच टॉनिकची बाटली लिहून दिली होती. आता हिमोग्लोबिन ८.६ निघाले. या वयात ते किमान १२ हवे.

दिवसभरात काय खातेस, असे विचारले. पहाटे मैदानावर जाताना कोरा चहा, आल्यावर शाळेच्या घाईत चहा-बिस्कीट, दुपारी दोन पोळ्या, रात्री आमटी-भात. वजन घटले की वेग वाढतो असे कुणीतरी सांगितलेले, म्हणून भातही निम्माच!

मला पी. टी. उषा आठवली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची वेळ ५५.४२ सेकंद, कांस्यपदक गेले ५५.४१ ला. पुढे २०१८ मध्ये तिने सांगितले, की क्रीडाग्रामात भाताची पेज आणि लोणचे यावरच भागवावे लागले आणि शेवटच्या टप्प्यात ताकद उरली नाही. सेकंदाचा शंभरावा भाग पेजेमुळेच गेला, असे मी डॉक्टर म्हणून शपथेवर सांगणार नाही. पण रिकाम्या पोटी पळणाऱ्याचे पाय शेवटीच जड होतात.

वाचकहो, खर्च जास्त आणि आवक कमी झाली की शरीर काटकसर करते. पहिली कात्री पाळीला लागते. पाळीची संप्रेरके घटली की हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि हाडांची पुंजी तर याच वयात साठायची असते. नडगीला बारीक तडा जातो तो असा. सुरुवातीला तो एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही.

थायरॉईडसारखी दुसरी कारणे नाहीत याची खात्री करून घेतली. सहा आठवडे पळणे बंद ठेवले. कायमचे नव्हे, हे आईला दोनदा सांगितले. जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, आणि गोळी किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. सरावाला जाताना केळे, आल्यावर लगेच शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि दूध, जेवणात मोडाची उसळ, भाकरी, भात पोटभर.

दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन ११.९ झाले, त्याआधीच पाळीही आली. हळूहळू सराव सुरू झाला. परवा आई एकटीच आली होती. मला वाटले, पुन्हा तक्रार. तर म्हणाली, "घरात अंडं चालत नाही, पण तिच्यासाठी बाहेरच्या चुलीवर उकडून दिलं तर चालेल ना?"